फी नेमकी कशाची? लिबरल आर्ट्‌सच्या छोट्या विद्यापीठातला अभ्यास आणि तिथलं राहणं

भाचीच्या पहिल्या सेमिस्टरचं वेळापत्रक घरच्या ग्रुपवर आलं आणि ताईने ताबडतोब तास मोजले. आठवड्याला एकवीस. बुधवारी दुपारनंतर काही नाही, शुक्रवारी एकच वर्ग. "अरे, शाळेत याच्या दीडपट तास असायचे. मग हे लोक लाखांनी फी घेतात ती कशाची?"

प्रश्न रास्त आहे. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या मराठी घरांत ‘युनिव्हर्सिटी’ म्हटलं की एम. एस.च, म्हणजे इथलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, डोळ्यांपुढे येते. तीस हजारांवर विद्यार्थी, घुमटाखालची आर्ट्‌स फॅकल्टी, एफ.वाय., एस.वाय., टी.वाय., राहिलेल्या विषयाची एटीकेटी आणि परीक्षेआधीचा तो एक महिना. आता मात्र दर वर्षी ओळखीतलं कोणी ना कोणी अहमदाबाद, पुणे किंवा सोनीपतच्या एखाद्या खासगी विद्यापीठाचा फॉर्म भरतं. ब्रोशरमध्ये हिरवळीवर बसून हसणारी मुलं असतात, ‘सर्वांगीण विकास’ असतो, आणि आत नेमकं काय चालतं ते शेवटपर्यंत कळत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. तिथे पैसे मोजायचे ते वर्ग लहान असण्याचे आणि शिक्षकाने तुमच्या मुलाचं लिखाण बसून वाचण्याचे. हे दोन नसेल तर बाकी सगळी सजावट.

पहिला गैरसमज ‘आर्ट्‌स साइड’चा. बारावीला कमी टक्के पडले म्हणून घेतलेली आर्ट्‌स, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे, आणि ती इथे लावली की सगळंच चुकतं. मध्ययुगीन युरोपात ज्या सात विद्यांना ‘लिबरल आर्ट्‌स’ हे नाव होतं त्यांत व्याकरण, तर्क, वक्तृत्व यांच्या जोडीला अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल होते. आजही अशा विद्यापीठात भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र हे सगळं एकाच पदवीच्या छपराखाली असतं. आपल्या देशात या पद्धतीने शिकवणाऱ्यांत सोनीपतचं अशोका, पुण्याचं फ्लेम, बंगळुरूचं अझीम प्रेमजी, आंध्रातल्या श्री सिटीचं क्रिया आणि शेजारचं अहमदाबाद युनिव्हर्सिटी ही ठळक नावं. अमेरिकेत ही परंपरा फार जुनी. मॅसॅच्युसेट्‌स राज्यातलं विल्यम्स कॉलेज १७९३ सालचं आहे आणि आजही तिथे साधारण दोन हजारच विद्यार्थी शिकतात.

आणि बडोद्याला तर हे सगळं नवं वाटायचं कारणच नाही. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ते पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले होते आणि कोलंबिया काही लहान नाही, पण विषय निवडायची रीत हीच. तिथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन, प्रत्येकी एक. एकूण साठ. जवळपास निम्मे एका विषयाचे आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूचे. मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडविषय) म्हणजे काय असं कोणी विचारलं की मी ही यादी दाखवतो. एक विषय खोल, दोन-तीन विषय कमरेएवढ्या पाण्यात, आणि एखादी भाषा नुसती ओळखीपुरती.

प्रत्यक्षात हे घडतं असं. पहिल्या वर्षी सगळ्यांना काही समान विषय असतात: लेखन, संख्याशास्त्राची तोंडओळख, समाज किंवा विज्ञान यांतला एखादा प्राथमिक अभ्यासक्रम. मेजर बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या शेवटी किंवा दुसऱ्या वर्षात जाहीर करायचा. त्याआधी दोन-तीन विषय चाखून बघायची मुभा असते. सेमिस्टरच्या सुरुवातीचे काही दिवस ‘ॲड-ड्रॉप’चे, वर्गात बसून बघा, नाही पटलं तर विषय सोडा, दुसरा घ्या. आपल्या आईवडिलांना ही गोष्ट फार अस्वस्थ करते. मुलीने फोनवर सांगितलं की "मी इकॉनॉमिक्स सोडलं", तर इकडे रक्तदाब वाढतो. ती सोडते तो एक अभ्यासक्रम, पदवी नव्हे. हे आधीच समजून ठेवलेलं बरं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर हा ढाचा सरकारी विद्यापीठांतही आला आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी जो आराखडा काढला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट लागतात. १२० पैकी किमान ६० मेजरची, २४ मायनरची. बाकीची भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, इतर शाखांमधले विषय आणि इंटर्नशिप यांत वाटलेली. म्हणजे कागदावर पाहिलं तर एम. एस. आणि ते महागडं खासगी विद्यापीठ यांतला फरक आता बराच पुसट झालाय. उरलेला फरक कागदावर दिसत नाही, त्याच्याकडे येतोच.

आधी क्रेडिटचा हिशेब, कारण ताईचा प्रश्न तिथेच अडला होता. एक क्रेडिट म्हणजे एका सेमिस्टरमध्ये पंधरा तासांचं शिकवणं. सेमिस्टर साधारण पंधरा आठवड्यांचं, म्हणून एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास. प्रॅक्टिकल असेल तर मात्र एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे आठवड्याला दोन. भाचीच्या वेळापत्रकात सहा विषय होते: इतिहास, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र प्रत्येकी चार क्रेडिटचे, संख्याशास्त्र तीन, लेखन दोन आणि छायाचित्रण तीन, त्यातलं एक क्रेडिट प्रॅक्टिकलचं. बेरीज वीस क्रेडिट, आणि त्या एका प्रॅक्टिकलमुळे तास एकवीस. चार क्रेडिटच्या विषयाचे चारही तास व्याख्यानाचे नसतात. दीड-दीड तासाचे दोन वर्ग आणि एक तास चर्चेच्या लहान गटाचा. वर्षाला चाळीस क्रेडिट, चार वर्षांत एकशे साठ. हिशेब जुळतो.

ग्रेडचं गणित याच्यावरच उभं असतं. यूजीसीच्या पद्धतीत ओ म्हणजे दहा गुण, ए-प्लस नऊ, ए आठ, बी-प्लस सात, बी सहा, सी पाच, पी चार आणि नापासाला शून्य. ग्रेडचे गुण गुणिले त्या विषयाचे क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. समजा वरच्या सहा विषयांत इतिहासात ए-प्लस मिळालं (चार गुणिले नऊ, ३६), तत्त्वज्ञानात ए (३२), अर्थशास्त्रात बी-प्लस (२८), संख्याशास्त्रात बी (१८), लेखनात ए (१६) आणि छायाचित्रणात ए-प्लस (२७). बेरीज १५७, भागिले वीस, सेमिस्टरचा आकडा ७.८५. आता हीच मुलगी दोन क्रेडिटच्या लेखनात जीव ओतून ए वरून ओ वर गेली तर आकडा होतो ८.०५. तीच मेहनत अर्थशास्त्रावर करून बी-प्लसचं ए-प्लस केलं तर ८.२५. दोन्हीकडे दोनच पायऱ्या चढली, पण चार क्रेडिटच्या विषयात त्याचं वजन दुप्पट. मुलांना हे पहिल्या सेमिस्टरनंतर आपोआप कळतं आणि मग कधी कधी जरा जास्तच कळतं. सोपे ग्रेड देणारे प्राध्यापक कोण याची यादी हॉस्टेलमध्ये फिरत असते. विषय निवडायचं स्वातंत्र्य दिलं की पळवाटा निवडायचंही आलंच. इथे सल्लागार शिक्षक कामाला येतो. प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्राध्यापक ‘ॲडव्हायझर’ म्हणून दिलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याची सही झाल्याशिवाय विषय नोंदवताच येत नाहीत. सही नुसती उरकली जाते की खरंच बोलणं होतं, हे विद्यापीठागणिक बदलतं.

आता मूळ मुद्दा. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात असं काय होतं जे शंभराच्या वर्गात होत नाही?

पहिल्यांदा, लपता येत नाही. मुलं टेबलाभोवती बसतात, आदल्या दिवशी वाचायला दिलेले तीस-चाळीस पानांचे मजकूर सगळ्यांसमोर असतात आणि प्राध्यापक व्याख्यान देण्याऐवजी विचारतात, "यातला लेखकाचा दावा तुम्हाला कुठे कच्चा वाटला?" वर्गातल्या सहभागाला गुण असतात. आपल्याकडच्या मुलांना, विशेषतः मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्यांना, पहिले दोन महिने हा प्रकार जाचतो. इंग्रजी समजतं, पण चारचौघांत तोंडातून वेळेवर निघत नाही, आणि दिल्ली-मुंबईच्या मोठ्या शाळांतून आलेली मुलं तोवर बोलून मोकळी होतात. माझ्या पाहण्यातली गोष्ट अशी, की फाडफाड बोलणाऱ्यांतले निम्मे पान न वाचता बोलत असतात आणि दिवाळीपर्यंत ते शिक्षकांच्या लक्षात आलेलं असतं. गप्प मुलाने एक करावं: वर्गाआधी एक प्रश्न वहीत लिहून न्यावा आणि पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाकावा. नंतर संधी मिळत नाही.

दुसरं म्हणजे लिखाण परत येतं. हे सांगायला साधं, पण सगळी मेख इथेच आहे. भाचीचा इतिहासाचा पहिला निबंध बडोद्यावरच होता, सयाजीराव महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणावर. बडोद्याची मुलगी, घरात महाराजांची तसबीर. तिने मनापासून तीन पानं लिहिली. महाराज द्रष्टे होते, काळाच्या पुढे होते, प्रजेवर त्यांचं पुत्रवत प्रेम होतं. शाळेत याला दहापैकी नऊ मिळाले असते. परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: "हे कोणी नाकारलं आहे का?" खाली दुसरं: "१८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरुवात, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. मधली तेरा वर्षं काय चाललं होतं?" आणि तिसरं, मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड व्हायचा असं तिने एका ओळीत लिहिलं होतं त्याच्याशेजारी: "दंड कोण भरत असेल? शेतात मुलाच्या हाताची गरज कोणाला होती? तुमचा निबंध इथून सुरू होतो." ग्रेड सी. फेरलिखाणाला दहा दिवस.

ती रात्री फोनवर रडली. पुढच्या आठवड्यात तिने घरी फोन करून विचारलं की आजोबांच्या वडिलांची शाळा कधी सुटली, ते शेतावर कधी जायला लागले, आणि मध्यवर्ती ग्रंथालयात संस्थानचे जुने वार्षिक अहवाल बघायला मिळतील का. महाराजांबद्दलचा आदर तिळमात्र कमी झाला नाही; उलट ही गोष्ट किती अवघड होती ते तिला आता कळलं. दुसऱ्या खेपेचा निबंध मी वाचलाय. तीन पानांचा दोन पानं झाला होता आणि त्यात ‘द्रष्टे’ हा शब्द नव्हता.

समासातल्या त्या तीन ओळी लिहायला शिक्षकाला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. वर्गात वीस मुलं, सेमिस्टरला चार निबंध आणि त्यांची फेरलिखाणं, याचा गुणाकार करून बघा. मग शिक्षकाकडे असे दोन वर्ग असतात. शंभर मुलांच्या वर्गाला हे करायचं म्हटलं तर कितीही चांगला प्राध्यापक असो, माणसाच्या आवाक्यातलं नाही. एम. एस.चे शिक्षक कमी पडतात असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्यापुढे संख्या वेगळी आहे. फी जाते ती या मिनिटांत.

विल्यम्समध्ये हीच कल्पना टोकाला नेलेली दिसते. तिथल्या ‘ट्यूटोरियल’ प्रकारात एका प्राध्यापकासमोर फक्त दोन विद्यार्थी असतात. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून आणायचा आणि दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची, पुढच्या आठवड्यात उलट. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात निबंधांवर सविस्तर शेरे मिळतात, पण काम ठीक चाललं असेल तर ग्रेड मागितल्याशिवाय सांगतच नाहीत, आणि पदवीसाठी प्रत्येकाला शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावाच लागतो. कोलोरॅडो कॉलेजात तर एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे सलग, मग पुढचा. आपल्याकडे यातलं जसंच्या तसं माझ्या माहितीत कोणी आणलेलं नाही आणि आणायलाच हवं असंही नाही. पण शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं अंतर कमी करायला लोक काय काय करतात ते यावरून लक्षात यावं.

अभ्यासाचा भार वेळापत्रकात दिसत नाही त्याचं कारणही आता उघड आहे. अमेरिकेतल्या नियमात वर्गातल्या प्रत्येक तासामागे बाहेर किमान दोन तासांचं काम धरलेलं असतं. भाचीच्या वीस क्रेडिटना ते तंतोतंत लावलं तर आठवडा साठ तासांच्या वर जातो. इतकं कोणी करत नाही, तिथले शिक्षकही ते जाणून असतात. पण निम्मं तरी करावंच लागतं, आणि दर आठवड्याला करावं लागतं. शेवटच्या महिन्यात गाईड आणून, रात्री जागून निभावून नेणं ही बडोद्याच्या दोन-तीन पिढ्यांनी कसाला लावलेली युक्ती इथे पूर्ण निकामी ठरते, कारण शेवटच्या परीक्षेला बऱ्याच विषयांत तीस-चाळीस टक्क्यांहून जास्त वजन नसतं. उरलेलं निबंध, छोट्या चाचण्या, सादरीकरण यांत आधीच खर्ची पडलेलं असतं. त्यातही बडोद्याच्या मुलांचं खास दुःख म्हणजे मिड-सेमिस्टर परीक्षा नेमक्या नवरात्राच्या तोंडावर येतात. नऊच्या नऊ रात्री गरबा खेळलेल्या मुलाला हॉस्टेलच्या खोलीत बसून तत्त्वज्ञानाच्या चाचणीची तयारी करताना काय वाटतं, ते अहमदाबादच्या पलीकडच्या प्राध्यापकाला समजावणं कठीण.

नक्कल या विषयावर घरच्यांनी मुलांशी आधीच बोलायला हवं. आपल्याकडे मित्राची असाइनमेंट उतरवून काढणं ही मैत्री समजली जाते. सयाजीगंजच्या झेरॉक्सच्या दुकानांचा निम्मा धंदा त्यावर चालला असेल. तिथे तेच कृत्य गुन्हा असतो. पुस्तकातलं वाक्य अवतरणचिन्हांशिवाय आणि संदर्भाशिवाय आलं तरी पुरतं. प्रत्येक निबंध जुळणी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. पकडला गेला तर विषयात शून्य, दुसऱ्यांदा समितीसमोर. चॅटजीपीटीबद्दल नियम विषयागणिक वेगळे असतात आणि ते सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी मिळणाऱ्या सिलॅबसमध्ये लिहिलेले असतात. हा सिलॅबस म्हणजे धड्यांची नुसती यादी नाही. कोणत्या तारखेला काय वाचायचं, काय द्यायचं, उशीर झाला तर किती गुण कापणार, शिक्षक केबिनमध्ये कधी भेटतात हे सगळं त्यात असतं. शिक्षकांनी ठेवलेल्या त्या भेटीच्या वेळेला ‘ऑफिस अवर्स’ म्हणतात आणि आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत. ‘सरांना कशाला त्रास द्यायचा’ हा आपला संस्कार. सर तिथे रिकामे बसलेले असतात, त्या वेळेचे पैसे फीमध्येच आहेत, आणि पुढे परदेशी जायला किंवा नोकरीला शिफारसपत्र हेच सर लिहिणार असतात. ज्याला कधी भेटलेच नाहीत त्या मुलाबद्दल ते काय लिहिणार?

हॉस्टेलच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. मेसचं जेवण सगळीकडे सारखंच वाईट असतं, बडोद्याची मुलं सेव-उसळीच्या आठवणी काढतात, त्यावर शाई घालवत नाही. क्लब भरपूर: नाटक, वादविवाद, डोंगरभटकंती, पत्रिका. लहान कॅम्पसवर कोणीही कशातही जाऊ शकतं कारण माणसंच कमी. ज्याने शाळेत कधी स्टेज पाहिलं नाही तो दुसऱ्या वर्षी नाटकाचा प्रकाश सांभाळतो. हा फायदा खरा आहे. तोटाही त्याच कारणाने. सगळे सगळ्यांना ओळखतात. भांडण झालं, प्रेम मोडलं, तर तोच माणूस सकाळी वर्गात, दुपारी मेसमध्ये, रात्री लायब्ररीत समोर. एम. एस.मध्ये मूल संध्याकाळी घरी येतं, आई चेहरा बघून विचारते. इथे तसं कोणी नसतं. बहुतेक चांगल्या विद्यापीठांत समुपदेशक असतात. मुलाने तिकडे जाणं म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय असं धरून घरच्यांनी फोनवर घाबरून जाऊ नये, एवढीच विनंती.

आता ज्या पैशांवरून सुरुवात झाली त्याबद्दल. फी आणि हॉस्टेल मिळून वर्षाला काही लाख, चार वर्षांचे चौपट, आणि दर वर्षी थोडी वाढ धरायची. बऱ्याच ठिकाणी घरच्या उत्पन्नावर आधारित सवलत मिळते आणि ती फॉर्म भरतानाच मागायची असते. प्रवेश झाल्यावर मागू म्हणून थांबलेली घरं मी पाहिली आहेत, तेव्हा निधी संपलेला असतो. सवलत चारही वर्षं टिकते का आणि त्यासाठी किती सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून ग्रेडची सरासरी) राखावा लागतो, ते लेखी घ्यावं. सवलत न मिळता नुसत्या कर्जावर जायचं असेल तर मी तरी दहा वेळा विचार करायला सांगेन. इतिहास किंवा तत्त्वज्ञानाच्या पदवीवर पहिली नोकरी मिळते, मिळत नाही असं नाही. पण कर्जाच्या हप्त्याला पुरेल इतक्या पगाराची ती पहिल्याच वर्षी मिळेल असं धरून चालू नये.

आणि सगळ्यांनी तिकडे जायलाच हवं असंही नाही. ज्याला सीए व्हायचंय त्याने बडोद्यात बी.कॉम. करत करत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, करावी, वेळ आणि बरेच लाख वाचतील. डॉक्टर, इंजिनिअर व्हायचं नक्की असेल तर प्रश्नच नाही. शिवाय लहान वर्ग आणि शिक्षकाची नजर हे कमी फीमध्ये हवं असेल तर ते बडोद्यात आधीपासून आहे. १९४९ मध्ये एम. एस. विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू, आणि पुढच्याच वर्षी फाइन आर्ट्‌सची फॅकल्टी सुरू झाली. तिथे आजही विद्यार्थी स्टुडिओत काम करतो, शिक्षक मागे उभे राहून बघतात, बोलतात, पुसायला लावतात, आणि वर्षअखेरीच्या डिस्प्लेमध्ये सगळं काम सगळ्यांसमोर मांडावं लागतं. निबंधाच्या समासातल्या पेन्सिलीचं काम तिथे थेट कॅनव्हासवर चालतं.

मधेच सोडायची वेळ आली तर काय, हेही लोक विचारतात. नव्या आराखड्यात एका वर्षानंतर ४० क्रेडिटवर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर ८० वर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी अशा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर उतरायचं तर उन्हाळ्यात चार क्रेडिटचा एक व्यावसायिक अभ्यासक्रमही करावा लागतो. सोडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळं मिळून सात वर्षांत पुरं करायचं. मिळवलेली क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्‌समध्ये जमा राहतात. पण खात्यात क्रेडिट असणं आणि दुसऱ्या विद्यापीठाने ती आपल्या अभ्यासक्रमात धरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बदली करायची असेल तर ज्या ठिकाणी जायचं त्यांच्याकडून आधी लेखी होकार घ्या. चौथं वर्ष करायचं की नाही, हेही तिसऱ्या वर्षी ठरवता येतं. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतो, आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. म्हणजे तीन अधिक दोन आणि चार अधिक एक, वर्षं तेवढीच. फरक एवढाच की चौथं वर्ष खासगी फीचं असतं.

निवड करायला जाताना ओपन हाऊसच्या, म्हणजे विद्यापीठ पाहुण्यांना दाखवतात त्या, दिवशी जाऊ नका. तो बहुधा शनिवार-रविवारी असतो, वर्ग बंद असतात आणि बोलायला नेमलेली मुलं निवडून उभी केलेली असतात. मंगळवारी-बुधवारी जा. पहिल्या वर्षाच्या एखाद्या अनिवार्य विषयाच्या वर्गात बसायची परवानगी मागा. सगळ्यात मोठा वर्ग बहुधा तोच असतो, ‘सरासरी’ विद्यार्थी-शिक्षक प्रमाण त्याच्याबद्दल काही सांगत नाही. तिथे डोकी मोजा. मग कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून त्याचा परत आलेला एखादा निबंध दाखवायला सांगा. फोनमध्ये सापडतो का, त्यावर काही लिहिलेलं आहे का, की खाली नुसताच एक ग्रेड आहे, ते बघा, आणि मग घरी येऊन फीचा आकडा परत काढा.